फिडल लीफ फिग घ्यायचं? आधी खिडकी बघा

नर्सरीत ‘फिडल लीफ’ किंवा नुसतं ‘लायराटा’ म्हणून मिळणारं हे झाड घेण्यासारखं आहे का? आहे, पण खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत त्याला कायमची जागा देता येत असेल तरच. सोफ्यामागचा रिकामा कोपरा भरायचा म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. त्या कोपऱ्यात ते दोन-तीन महिने तुकतुकीत दिसेल, मग खालून एकेक पान गाळायला लागेल आणि शेवटी शेंड्याला चार पानं असलेली काठी उरेल. ‘या झाडाचे फार नखरे’ असं सर्रास बोललं जातं, ते आम्हाला पटत नाही. बहुतेक घरांत जागा चुकलेली असते, नाहीतर कुंडीतली माती.

फायकस लायराटा हा वड, पिंपळ, उंबर यांचा भाऊबंद. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या सखल, पावसाळी जंगलांतला. पान व्हायोलिनसारखं, मध्ये कंबर असलेलं, कातड्यासारखं जाड आणि पूर्ण वाढलं की दीड फुटापर्यंत लांब. जंगलात हे झाड पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, तिथून मुळं खाली सोडतं आणि पुढे चाळीस-पन्नास फुटांपर्यंत जातं. जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ डोळ्यांसमोर आणा. तिथे मूठभर चुरा असतो, पाणी आलं की निथळून जातं, मुळांना वारा लागतो आणि डोक्यावर दिवसभर उजेड असतो. लायराटाला घरात नेमकं हेच द्यायचं आहे. मुंबई-पुण्यात बंगल्यांच्या आवारात जमिनीत लावलेले लायराटा फारशी देखभाल नसताना मोठे झालेले दिसतात, ते याचमुळे.

नर्सरीत काय बघायचं

आधी खोड. दोन बोटांनी बुंध्याशी धरून हलकेच हलवा. मातीचा गड्डा सोबत हलला पाहिजे. खोड मातीत सैल फिरत असेल तर रोप काल-परवाच पिशवीतून कुंडीत आलेलं आहे, मुळांनी अजून माती धरलेली नाही. असं रोप लगेच घरी नेलं की कुंडी बदलल्याचा आणि जागा बदलल्याचा, असे दोन धक्के त्याला एकदम बसतात. आवडलंच असेल तर पैसे देऊन तिथेच तीन आठवडे राहू द्या, बरेच नर्सरीवाले ठेवतात.

मग शेंडा. निरोगी रोपाच्या टोकाला हिरवा टोकदार कोंब असतो आणि त्याभोवती तपकिरी, कागदासारखं आवरण. ते आवरण रोगाचं नाही. वडाच्या, रबर प्लांटच्या कोंबालाही असं आवरण असतंच. ओढून काढू नका, पान उलगडलं की ते आपलं आपण सुटतं. कोंब काळा पडून चुरगळत असेल तर मात्र ते रोप सोडून द्या.

खोडावर दोन पानांमधलं अंतर बघा. वरची पानं एकमेकांना चिकटून आलेली असतील तर रोपाने चांगला उजेड खाल्लेला आहे. चार-चार बोटांची अंतरं पडून खोड बारीक लांबलं असेल तर ते गर्दीत, सावलीत वाढलंय. नंतर पान उलटा आणि मधल्या शिरेच्या कडेने, देठाच्या बेचक्यात नीट बघा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, नखाने खरवडल्यावर सुटणारे तपकिरी खवले असतील तर खवले कीड. एखादं पान फाटलेलं असेल किंवा घडी पडून त्यावर तपकिरी रेघ आली असेल तर काळजी नको. ती इजा गाडीत लागलेली असते, पसरत नाही. पण भरूनही येत नाही, त्यामुळे भाव करायला हरकत नाही. पानं तेल चोपडल्यासारखी चकाकत असतील तर वर पॉलिश फवारलेलं आहे. ओल्या फडक्याने पुसून खालचं खरं पान बघितल्याशिवाय घेऊ नका.

खोडंही मोजा. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली तीन-चार रोपं एका कुंडीत लावून ‘बुशी’ म्हणून विकतात. दिसायला भरगच्च असतं आणि फसवणूकही नाही, पण प्रत्येक खोड म्हणजे वेगळं झाड आहे आणि पुढे ती उजेडासाठी एकमेकांना ढकलतात. एक खोड वाढवायचं असेल तर रोपं लहान असतानाच वेगळी करावी लागतात.

उंचीचं म्हणाल तर दोन ते तीन फुटांचं रोप सगळ्यात फायद्याचं. पाच-सहा इंची कुंडीतलं छोटं रोप काही शेकड्यांत येतं, तर उघड्या खोडाचं, डोक्यावर गोल घेर केलेलं सहा फुटी झाड काही हजारांत जातं. आणि ते मोठं झाडच घरातल्या उजेडाला जुळवून घेताना जास्त पानं टाकतं. आणायला फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस स्थिरावल्यानंतरचा जून-जुलै चांगला. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या टेम्पोतून आणलं तर तासाभराच्या गरम वाऱ्याने पानांच्या कडा भाजतात. गाडीत आडवं घालून, पानं जुन्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आणावं. ऑनलाइन मागवलेलं रोप चार-सहा दिवस अंधाऱ्या खोक्यात काढतं. लहान रोपाला ते सोसतं, तीन फुटांच्या वरचं मात्र बघून, हाताळून घ्यावं.

खिडकीचं गणित

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन पानांवर थेट पडलं तरी चालतं, उलट हवंच. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पातळ पांढरा पडदा लागतो. दुपारी तीननंतरचं ऊन काचेतून आलं की वरच्या पानांवर फिकट, जवळजवळ पांढरे चट्टे पडतात. दक्षिणेच्या खिडकीबाबत मात्र परदेशी सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असण्याचा दिवस, येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत ऐन उन्हाळ्यात थेट ऊन कमी आणि डिसेंबर-जानेवारीत ते खोलीत आतपर्यंत येतं. लायराटाला हे फार सोयीचं आहे. उत्तरेची खिडकी समोर दुसरी इमारत नसेल तरच चालेल.

डोळ्यावर भरवसा ठेवू नका. खिडकीपासून दहा फुटांवर आपल्याला खोली उजळच वाटते, पण तिथे उजेड कितीतरी पटींनी कमी असतो. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप घ्या आणि निरभ्र दिवशी दुपारी पान जिथे असेल तिथे मोजा. ५,००० लक्सच्या वर असेल तर झाड वाढेल, १,००० च्या खाली नुसतं तग धरेल. सज्जा, ग्रिल, कबुतरांची जाळी, खिडकीवर चढलेली धूळ, सगळं यातून वजा होतं. अगदीच उजेड नसेल तर वीस-तीस वॉटचा पांढरा एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून फूट-दीड फुटावर, रोज दहा-बारा तास. सजावटीचा पिवळा दिवा यासाठी कामाचा नाही.

जागा ठरली की ती बदलायची नाही. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात खालची दोन-चार पानं गळतील, ते गृहीत धरा. याच काळात लोक घाबरून एकाच वेळी जास्त पाणी, खत, नवी कुंडी आणि नवी जागा देतात, आणि त्या उपचारांनीच झाड जातं. दर पंधरा दिवसांनी कुंडी पाव फिरवायची, म्हणजे ते एका बाजूला झुकत नाही. एसीचा झोत अंगावर नको. विदर्भात कूलरसमोर तर अजिबात नको.

मातीचा गड्डा

या झाडाच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. लांबच्या प्रवासात गड्डा फुटू नये म्हणून बाहेरगावच्या रोपांना चिकट माती वापरलेली असते, आणि नर्सरीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. घरात मात्र तीच माती नडते. पिशवी कापून गड्डा हातात घ्या. बाहेर कोकोपीटचा भुसभुशीत थर आणि आत नारळाएवढा घट्ट गोळा, अंगठा दाबला तरी आत न जाणारा. गोळा एकदा सुकला की पाणी त्याच्या कडेने घसरून तळाच्या भोकातून निघून जातं; ताटलीत पाणी दिसतं, आतली मुळं कोरडीच राहतात. आणि एकदा का गोळा भिजला, की खोलीच्या सावलीत दोन-दोन आठवडे सुकत नाही. वरची माती कोरडी म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो आणि आतली मुळं कुजतात.

घरी आणल्यावर तीन आठवडे थांबा, मग कुंडी बदला. गड्डा बादलीभर पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा आणि बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा. साधारण एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही. उरलेल्या गोळ्यात बांबूच्या काडीने पाच-सहा आरपार भोकं पाडा. राहिलेली माती दोन वर्षांनी पुढच्या वेळी काढायची. मुळं एकदम उघडी केली तर झाड पानं टाकतं.

मिश्रण असं: चार भाग कोकोपीट, दोन भाग गांडूळखत, दोन भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके खडे), दोन भाग लोणारी कोळशाचे किंवा विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं, कारण त्यात मीठ असतं आणि पानांच्या कडा जळण्याचं तेही एक कारण आहे. परलाइट मिळालं नाही तर भाताचं तूस चालेल. शेतातली काळी माती मुळीच नको; ती भिजली की फुगते आणि सुकली की तडकते, दोन्हीत मुळं तुटतात.

नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन इंच रुंद. ‘पुढे वाढणारच आहे’ म्हणून थेट सोळा इंची कुंडी घेतली तर मुळं न पोचलेली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. तळाला भोक नसलेली सिरॅमिकची किंवा पितळी कुंडी बाहेरून शोभेला ठेवा, आत भोकं असलेली प्लास्टिकची. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने साचलेलं पाणी ओतून टाका.

पाणी किती, या प्रश्नाला वार ठरवून उत्तर देता येत नाही. वरची दोन इंच माती कोरडी झाली की घालायचं, आणि घालायचं तेव्हा भरपूर. दहा इंची कुंडीला दीड ते दोन लिटर, तळातून वाहीपर्यंत. रोज पेलाभर पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण ते वरच मुरतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये साधारण चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात आठ ते बारा दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी पाळी येते. पावसाळ्यात हवा दमट असते, उजेडही कमी, त्यामुळे सर्वाधिक झाडं जुलै-ऑगस्टमध्ये कुजतात. खात्री करायला बांबूची काडी कुंडीच्या पाऊण खोलीपर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर थांबा. बाजारातले दोन सळ्यांचे स्वस्त मॉइश्चर मीटर आम्ही सुचवणार नाही. ते मातीतून वीज किती वाहते ते मोजतात, त्यामुळे खारट मातीत ओल जास्त दाखवतात आणि भुसभुशीत मिश्रणात कमी. पाच रुपयांची काडी त्याहून खरी. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरते. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या तिप्पट साधं पाणी ओतून क्षार धुऊन काढा.

डाग वाचता आले पाहिजेत

तपकिरी डाग पडला की लोक पाणी वाढवतात किंवा तोडतात, आणि निम्म्या वेळा उलटं करतात. डाग कुठे आहे, कोणत्या रंगाचा आहे आणि कोणत्या पानावर आहे, हे आधी बघा.

खालच्या, जुन्या पानांवर गडद तपकिरी ते काळसर डाग, मधल्या शिरेजवळून किंवा देठाकडून पसरणारे, भोवती पान पिवळं पडत जाणारं आणि हाताला मऊ लागणारं: मुळं कुजली आहेत. झाड कुंडीतून काढा. चांगलं मूळ पिवळसर आणि टणक असतं. कुजलेल्याची साल चिमटीत धरली की मोज्यासारखी निघून येते, आत दोरा राहतो आणि वास येतो. तेवढी मुळं धारदार कात्रीने कापा, चमचाभर ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेल्या नव्या मिश्रणात, त्याच मापाच्या किंवा लहान कुंडीत लावा आणि पहिलं पाणी दिल्यावर काडी कोरडी येईपर्यंत हात लावू नका.

कडेपासून आत सरकणारा, फिकट, पापडासारखा कुरकुरीत भाग: पाणी कमी पडतंय किंवा गोळा कोरडा आहे. कुंडी उचलून बघा, हलकी लागेल. बादलीत बुडवून गोळा भिजवा.

कोवळ्या पानावर लालसर, गंजाच्या शिंतोड्यांसारखे बारीक ठिपके: पाणी एकदा फार कमी, एकदा फार जास्त झाल्याने पेशी फुटल्या आहेत. पान मोठं झालं की बरेचसे पुसट होतात. पाण्याची पाळी सारखी करा, औषधाची गरज नाही.

नव्या पानांवर वेडेवाकडे डाग, भोवती पिवळी कडा आणि पानं लहानच राहून गळतात: हा बहुधा जिवाणूजन्य रोग आहे आणि यातून झाड वाचवणं अवघड. डागाळलेली पानं काढून फेका, कात्री स्पिरिटने पुसा, पानांवर पाणी फवारणं बंद करा आणि कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवा.

पानांवर फवारणी एरवीही नको. ओलावा त्याने मिनिटभर वाढतो, क्षारांचे डाग मात्र कायमचे बसतात. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक हात पानाखाली धरून ओल्या सुती फडक्याने पुसा. धूळ जाते आणि कीडही वेळेवर दिसते. कीड दिसलीच तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने, आठवड्याने एकदा असं तीन-चार वेळा.

खताचं फार कौतुक नको. मार्च ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ओल्या मातीत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, थंडीत बंद.

कोणतं घ्यावं

फ्लॅटसाठी आम्ही साध्या लायराटापेक्षा ‘बांबिनो’ ही बुटकी जात सुचवू. पानं लहान, खोडावर दाट, आणि छताला टेकायची घाई नाही. आधी वर्षभर सराव हवा असेल तर रबर प्लांट घ्या. भाऊबंदच आहे, कमी उजेडात निभावून नेतो. आणि एक गोष्ट सांगावीशी वाटते: अमेरिकेत लायराटाला सोपा पर्याय म्हणून ‘फायकस ऑड्री’ नावाने जे झाड घराघरांत ठेवतात, तो आपला वड आहे. मांजर-कुत्रं किंवा रांगतं मूल घरात असेल तर यांतलं कोणतंही हाताशी ठेवू नका. चीक तोंडात गेला तर जळजळ आणि उलट्या होतात, अंगावर लागला तर खाज सुटते.

छताला टेकलं की

शेंडा कापून फेकू नका, गुटी बांधा, म्हणजे खोड झाडावर असतानाच त्याला मुळं फुटवून घ्या. डाळिंबाची, लिंबाची बांधतात तशीच. पावसाळ्याच्या सुरुवातीला, शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली, पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून जाड खोडावर एक इंच रुंदीची साल गोल काढा. पांढरा चीक येईल, तो थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपा आणि आतला हिरवट बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या कडेला रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) लावा, भिजवून घट्ट पिळलेलं नर्सरीतलं सुकं शेवाळ (स्फॅग्नम मॉस) मुठीएवढं गुंडाळा, पारदर्शक प्लास्टिक लपेटून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. ऊन पडत असेल तर वरून कागद. सहा-आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती भरपूर झाल्यावर, तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली कापा आणि सहा इंची कुंडीत लावा. पहिले पंधरा दिवस थेट ऊन नको. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्यालाही मुळं येतात, पण डोळा नसल्याने त्यातून खोड कधीच फुटत नाही. कापलेल्या मूळ झाडाला त्याच जागेवर राहू द्या आणि पानं कमी झाली म्हणून पाणीही कमी करा. महिना-दीड महिन्यात कापाच्या खाली दोन-तीन डोळे फुगतात आणि तिथून फांद्या निघतात.